मास्तरांचं भाषण, माझं मत

"मास्तरांचा घसा बसलाय, त्यांचं भाषण मी वाचते," म्हणत मी डिचोलीच्या प्रचारसभेत उभी राहिले. सदुसष्टचा जानेवारी होता. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा तर फुलाला मत, वेगळा ठेवायचा तर दोन पानांना. माझे यजमान, म्हणजे मास्तर, फुलाचे कट्टर आणि मी पानांची. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

एकही शब्द न गाळता मी भाषण वाचलं. टाळ्या थांबल्यावर म्हणाले, "हे मास्तरांचं म्हणणं. आता माझं. मोठ्या घरात धाकट्या सुनेला कोण विचारतं?"

"बाईला खाली बसवा!" लोक ओरडले. तेव्हा मास्तर उठले. हात वर करून त्यांनी सभा गप्प केली आणि माझं बोलणं संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

घरी परतताना घोगऱ्या आवाजात म्हणाले, "चांगलं बोललीस. पण मी मत फुलालाच देणार हं." दिलंही. पानं जिंकली, तेव्हा दोन दिवस रुसून बसले.

आता ते नाहीत. निवडणूक आली की मुलं, सुना सगळी एकाच बाजूची असतात. घरात वाद होत नाही आणि मला करमत नाही.