मागचा डबा

पुढे सरकून बसा मायबाप, एका सुनेची गोष्ट सांगते. म्युनिकहून ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला निघालेल्या गाडीत सासऱ्यांनी चिपळ्या काढून अभंग धरला. लोक वळून बघताच सून स्वराली ओशाळली. “अहो बाबा, जरा गप्प बसा ना!” “बरं गं, मागच्या डब्यात बसतो. तुझा सासरा म्हणून सांगणार नाही कुणाला!” हसतच गेले. रोझनहाइमला गाडीचे दोन भाग झाले. पुढचा साल्झबुर्गला, मागचा कुफश्टाइनला. सासऱ्यांचा फोन आणि छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी स्वरालीच्या पर्समध्ये. रडतच तिनं टीसीला गाठलं. त्यानं मागच्या गाडीतल्या टीसीला फोन लावला. “गर्दी आहे. ओळखायचं कसं?” “ते गात असतील, प्लीज, बिट्टे!” त्यानं बराच वेळ फोन कानाशी धरला. “तिथे कुणीच गात नाहीये.” मायबाप, कीर्तनाला बसाल तेव्हा त्या म्हाताऱ्याची आठवण ठेवा.