कललेला खांब

रायफल रिकामी असल्याची दुरुस्तीवाल्यांनी दोनदा खात्री केली, ती बाकावरच्या पकडीत सरळ बसवली आणि तिच्यावरच्या जुन्या दुर्बिणीला डोळा लावला. समोरच्या भिंतीवर ओळंबा टांगलेला होता.

"नेमबाजीच्या क्लबात स्टँडवर लावून पाहिली," रायफल घेऊन आलेली तरुणी म्हणाली. "म्हणतात, आतली खूण मधोमध नाही, शिवाय वाकडी आहे, भंगारात घाला. बाबा होते तोवर तिला कुणाला हात लावू देत नसत. मीही अजून खांद्याला लावलेली नाही. पण रविवारी जुन्या रायफलींची स्पर्धा आहे काका, आणि मला हिच्यावरच खेळायचंय."

"क्लबातल्यांचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं." त्यांनी वरचं बटण एकवरून चारवर नेलं. आतली खूण, म्हणजे खालून वर आलेला काळा, टोकदार खांब, नजरेसमोर आणखी खाली उतरली. "मधोमध नाही म्हणे! अहो, त्या काळच्या दुर्बिणीत बटण फिरवलं की खूणच सरकते. लांबचा नेम धरला की ती खाली जाणारच. डाव्या-उजव्याला बटणच नाही, ते काम दुर्बिणीखालच्या बैठकीतले हे दोन स्क्रू करतात. काय डोकं चालवलंय बनवणाऱ्याने!"

वाकडेपणाचं मात्र खरं होतं. ओळंब्याच्या दोरीशेजारी खांब स्पष्ट उजवीकडे कललेला दिसत होता. वरचं बटणही तेवढंच कललेलं. म्हणजे दुर्बिणीची अख्खी नळीच तिला धरणाऱ्या कड्यांमध्ये फिरली होती. कड्यांचे स्क्रू सैल करायचे, नळी जरा फिरवायची, झालं काम. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, दिवा जवळ ओढला आणि थबकले. कड्यावरून नळीवर एक बारीक लाल रेघ ओढलेली होती.

"हे काय?"

"आईचं नेलपॉलिश," ती हसली. "बाबा पळवायचे. नळी केसभर जरी हलली तरी कळावं म्हणून."

दुरुस्तीवाले त्या रेघेकडे बघतच राहिले. इतक्या निगुतीने खूण करणारा माणूस नळी चुकून वाकडी बसवणार नाही. कधीही न पाहिलेल्या त्या माणसाबद्दल त्यांना एकदम आदर वाटला. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"वडिलांना काही दुखापत होती?"

"उजवा खांदा. माझ्या जन्माआधीच पडले होते. हात पुरता वर जायचा नाही."

त्यांनी रायफल पकडीतून काढून तिच्या हातात दिली. "नेहमी धरता तशी धरा. दोरीवर नेम. खांब कसा दिसतोय?"

तिने गाल टेकवला. एक डोळा मिटून दोरीवर नेम धरला.

"दोरीला अगदी धरून आहे, काका. कधी सरळ केलीत?"

ते तिच्या मागे उभे होते. तिच्या धडधाकट खांद्याला लावलेली रायफल डावीकडे चांगली कललेली त्यांना दिसत होती.

"नेम धरायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवलं असं नाही. बाबांचं बघून बघूनच."

"मग दुर्बिणीला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "वाकडे तुम्ही बापलेक आहात. रविवारी सरळ व्हायला जाऊ नका म्हणजे झालं."