आत्याचा गाल

कल्पना करा, तुमच्या हातात एक मोठी बरणी आहे. कच्च्या मातीची, राखाडी, अजून भट्टीत न भाजलेली. दोन्ही हातांनी कवेत घेतली तरी तिचा काठ तुमच्या नाकापर्यंत येतो. हातातून निसटली की संपलं! म्हणून तुम्ही एकेक पाऊल जपून टाकता, आणि तोल सांभाळताना तुमचा गाल तिला टेकतो.

आठ वर्षांच्या भिंगरीचं अगदी असंच झालं. आणि ती उंबऱ्यातच थांबली.

"काय गं, झोप लागली का तिला मिठी मारून?" बाबा मागच्या पडवीतून ओरडले. भट्टी तिथंच होती, एका बाजूनं उघड्या पडवीत. बाबांच्या हातात लायटर तयार होता. ही बरणी शेवटची. ती आत गेली की दार बंद करायचं आणि भट्टी पेटवायची.

"ही गार आहे," भिंगरी म्हणाली.

भट्टीजवळ उभी असलेली आत्या वळली.

भांडं पुरतं वाळलंय की नाही, हे आत्या नुसतं डोळ्यांनी ठरवत नसे. गालाला लावून बघे. गार लागलं, तर आत पाणी आहे. असं भांडं भट्टीत गेलं की त्या पाण्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट सापडत नाही, आणि भांडं फुटतं. बरं, ते एकटं फुटत नाही. त्याचे तुकडे उडून शेजारच्यांनाही घेऊन जातात. आणि शेजारी थोडेथोडके नव्हते. एकसष्ट भांडी भट्टीत रचलेली होती. उन्हाळ्यात आत्याला भांड्यांवर ओली फडकी टाकावी लागत, नाहीतर ती घाईघाईनं वाळून तडकत. पावसाळ्यात उलट. साधा कप वाळायला पंधरा पंधरा दिवस. ही सगळी भांडी नुकत्याच सरलेल्या पावसाळ्यातली होती, चार महिन्यांच्या कामाची. आणि आज पहिल्यांदाच बोचरा वारा सुटला होता.

"बघू," म्हणत आत्या आली. ती खाली वाकली आणि बरणीला गाल लावला. "कोरडी आहे. दे."

"नाही. गार आहे."

"झालं!" बाबा हसले. "ताई, तुझी तीस वर्षं मातीत गेली. हिचे अजून तीस दिवस नाही झाले. भिंगरे, सोड ती."

भिंगरीनं सोडली नाही. उलट मिठी आणखी घट्ट केली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"बाकीची आणून दिली ती अशी नव्हती. ही गार आहे."

"अगं, आत्या सांगतेय ना कोरडी आहे म्हणून? तुला जास्त कळतं का?"

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिनं बरणी हळूच उंबऱ्याजवळच्या पाटावर ठेवली, एका हातानं धरून ठेवली, आणि दुसरा हात वर करून आत्याच्या गालावर टेकवला.

"आत्या," ती म्हणाली, "तुझा गालच गार आहे."

पडवीतून वारा आला आणि आत्याच्या कानावरचे केस हलले. सकाळपासून ती तिथंच उभी होती, वाऱ्यात. भिंगरी मात्र आतल्या उबेत, कानटोपी बांधून.

आत्या आत गेली. दार लोटून घेतलं. पदर गालावर दाबून ती स्टुलावर बसली, दाढ दुखणारं माणूस बसतं तशी. मागोमाग आत आलेले बाबा काही तरी बोलायला गेले, तर तिनं हातानंच थांबवलं. बऱ्याच वेळानं तिनं पदर काढला, बरणी उचलली आणि डोळे मिटून गाल लावला. मग बरणी फिरवली आणि तळाशी लावला.

"गार आहे," ती म्हणाली. "तळ चक्क ओला आहे."

ती रागावेल असं बाबांना वाटलं. पण ती भिंगरीकडे अशी बघत होती, जणू कुणीतरी तिच्या गळ्यात हार घातलाय.

"तीस वर्षांत माझ्या गालाला कुणी खोटं पाडलं नव्हतं रे," ती भावाला म्हणाली. "पाडलं तर कुणी? आपल्या भिंगरीनं!"

"बरं, मग ही राहू दे बाहेर. बाकीची पेटवू या?"

"बाकीची मी कुठल्या गालानं तपासली?"

बाबांचा चेहरा पडला. "म्हणजे सगळी पुन्हा काढायची? एकसष्ट?"

"सगळी. आणि आत आणायची, एकेक करून." आत्यानं स्टूल भिंगरीपुढे सरकवलं. "बस. आज तू सांगशील ते भट्टीत जाईल. तू नाही म्हणालीस, तर नाही."

"मी एकटीच?"

"हो. पण घाई करायची नाही. आणि मला वाईट वाटेल म्हणून कोरडं आहे असंही म्हणायचं नाही."

बाबांनी लायटर फळीवर ठेवला, बाह्या वर केल्या आणि गुपचूप पडवीत गेले. आत्या दाराशी उभी राहिली, भांडी हातोहात घ्यायला.

भिंगरी स्टुलावर चढून बसली. पाय जमिनीला पुरत नव्हते. तिनं कानटोपी मागे सारली, दोन्ही तळहात एकमेकांवर खसाखसा घासले आणि गालांवर धरून ठेवले. मनात दहापर्यंत आकडे म्हटले. मग हात पुढे केले आणि म्हणाली, "हं आत्या, दे पहिलं."