शब्दाला शब्द

घटस्फोटानंतर कोर्टाने चिमीला तिच्या बाबांकडे दिलं, तेव्हा मी गप्प बसले. पण त्यांच्या नव्या बायकोने माझ्या भोपळ्याच्या सूपची कृती स्वतःच्या पुस्तकात छापली, तेव्हा मात्र तरातरा वकीलबाईंकडे गेले.

“ताई, पाककृती कुणाच्याच मालकीची नसते,” त्या म्हणाल्या. “हक्क असतो तो शब्दांवर. तुमच्या ब्लॉगवरचं एखादं वाक्य तिने जसंच्या तसं उचललंय का?”

तिथेच बसून मी ओळ न् ओळ ताडून पाहिली. बयेने सगळं आपल्या शब्दांत फिरवलं होतं. अगदी शेवटी एक वाक्य सापडलं, शब्दाला शब्द माझंच.

“मिळालं काही?”

“नाही,” म्हणत मी पुस्तक मिटलं.


ते वाक्य होतं : ‘मिरी बेतानेच घाला, आमच्या चिमीला तिखट सोसत नाही.’