घडीची सायकल

रोज सकाळी घरापासून अंबाबाईपर्यंत पायी जायचा माझा नेम. गुडघे धरले, तेव्हा मी सासऱ्यांची जुनी घडीची सायकल काढली. देवळाअलीकडच्या बोळात उतरायचं, सायकल दुमडून गोणपाटाखाली ठेवायची आणि उरलेलं चालायचं. कुणाला कळत नव्हतं. आज फुलं विकणाऱ्या अंजनानं माझ्यापुढं ओंजळ धरली. "काकू, लेकीचं ऑपरेशन हाय. तुमच्या आजच्या चालण्याचं पुण्य तिला द्या. सोडा हातावर पाणी." माझ्या हातातला पाण्याचा तांब्या कलला, पण पाणी सोडवेना. नसलेलं पुण्य कसं देऊ? "अंजना, मी चालत आलेच नाही गं. सायकलवरून आले. हल्ली रोजच तशी येते." तिनं ओंजळ मागं घेतली. मला मान वर करवेना. "मग आता चाला की!" ती म्हणाली. "ऑपरेशन दुपारी हाय." तांब्या तिच्यापाशी ठेवून मी आधी घराकडं चालू लागले. नेम तर उंबऱ्यापासूनचा होता.