साहेबांना सांगू नका

रिकामं दावं बाजूला सारून धोंडामावशींनी मृण्मयीला बसायला घोंगडी टाकली. प्रयोगशाळेची नवी लस टोचल्यावर त्यांच्या दोन्ही शेळ्या पाय लुळे पडून दगावल्या होत्या.

लसीसाठी विषाणूचा तुकडा मृण्मयीनेच संगणकावर निवडला होता. तो शरीरातल्या एखाद्या प्रथिनासारखा असला, तर शरीर स्वतःवरच उलटतं; म्हणून आधी तुलना करून बघतात. तिने ती केली होती. आज सकाळी तोच निकाल पुन्हा उघडला, तेव्हा दिसलं, तुलना माणसाच्या प्रथिनांशी झाली होती. आजवरचं सगळं काम माणसांच्या लसींचं. या वेळी शेळी निवडायची राहूनच गेली होती.

तेच सांगायला ती आली होती.

"मॅडम, चूक माझी हाय," चहा पुढं करत मावशीच खालच्या आवाजात म्हणाल्या. "लस दिल्यावर चारा बदलू नका म्हनला हुता तुम्ही. मी बाभळीच्या शेंगा घातल्या. तुमच्या साहेबांना सांगू नका."

मृण्मयीचे कान तापले. कपातल्या चहाकडे बघतच ती म्हणाली, "नाही सांगणार, मावशी."