कानडीतली चिठ्ठी

"काका, मोबाइलवर सहा आकडं आलं असतील बघा. तेवढं सांगा."

ज्योतिबाने मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेक आकडा सांगितला. दीपंकरने तो आपल्या औषधाच्या दुकानातल्या संगणकात भरला. पडद्यावर हिरवी खूण आली, बेळगावच्या डॉक्टरांनी लिहिलेली औषधं एकाखाली एक दिसली. दीपंकरला हायसं वाटलं. यंत्रणा चालत होती.

पुढच्या महिन्यापासून निपाणीत डॉक्टरांच्या चिठ्ठ्या अशाच येणार होत्या. हा आठवडा सरावाचा. दीपंकरने त्यासाठी दोन दिवस प्रशिक्षण घेतलं होतं, नवा प्रिंटर बसवला होता. सरावासाठी नेहमीच्या दहा रुग्णांची नावंही त्यानेच कळवली होती. ज्योतिबाचं नाव त्यातच होतं.

एरवी औषधं न्यायला ज्योतिबाची बायको यायची, कोंडाबाई. वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन ती दुकानावर थांबायची. चिठ्ठीवरचं डॉक्टरांचं अक्षर दीपंकरशिवाय कुणाला लागायचं नाही. पाच महिन्यांपूर्वी तिने त्याला बजावलं होतं, "ह्यास्नी कफ हाय म्हणून सांगितलंय. तूबी तेच सांगायचं." आता मात्र आकडे रुग्णाच्याच मोबाइलवर येणार, म्हणून आज ज्योतिबा स्वतः आला होता.

"बसा काका, गोळ्या काढतो," म्हणत दीपंकर फळीकडे वळला.

पाठीमागे प्रिंटर घरघरला. औषधं नक्की केली की रुग्णासाठी कागद आपोआप निघतो, हे त्याला प्रशिक्षणात सांगितलं होतं. दुसरी पट्टी हातात घेताना ते आठवलं. तो वळला, तोवर कागद ज्योतिबाच्या हातात होता.

कागद कानडीत होता. दीपंकरला क्षणभर धीर आला. ज्योतिबा आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत राबलेला माणूस; त्याला काही वाचताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"काका, द्या तो इकडं. आमच्या कामाचा हाय."

ज्योतिबाने दिला नाही. तो अक्षराखाली बोट धरून पुढे सरकत होता. ओठ हलत होते.

"तुमास्नी कानडी येतंय?"

"आजोळाला हुतो, गोकाककडं. चौथीपतूर कानडी साळा." बोट एका ओळीवर थांबलं. "रोगाचं नाव कळलं. कॅन्सर. त्याच्या खालचं कळंना. तरास कमी करण्यापुरतं औषध, असं लिवलंय. करण्यापुरतं म्हंजे काय रं?"

कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, हे दीपंकर दिवसातून शंभर वेळा सांगायचा. आता तो हातातली पट्टी उलटसुलट करत राहिला.

"म्हंजे बरं करायचं न्हाय," ज्योतिबाच म्हणाला.

दीपंकरने मान खाली घातली.

"कोंडाला ठावं हाय?"

"मावशीला पयल्यापासनं ठाऊक हाय."

ज्योतिबा स्टुलावर बसला.

"पाच म्हैनं झालं, रोज काढा करून देती. कफ सुटंल म्हणती. मधीच न्हाणीत जाऊन बसती, डोळं लाल करून येती. मी म्हणायचो, तंबाखूची पूड गेली आसंल." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "एकटीच झुरत बसली की रं."

मग त्याने कागदाची चौघडी केली आणि काउंटरवर ठेवली.

"ह्यो तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे. आन तिला सांगू नको."

"काय?"

"मला कळलंय म्हणून. लई जपलंय तिनं. तसंच ऱ्हाऊ दे."

गोळ्या कधी घ्यायच्या ते त्याने नीट ऐकून घेतलं, पिशवी उचलली आणि भिंतीला हात टेकत पायरी उतरला.

दुपारी दीपंकरने प्रशिक्षणवाल्यांच्या नंबरवर फोन लावला. कागद छापणं बंद करता येईल का, त्याने विचारलं.

"का सर?" पलीकडची मुलगी म्हणाली. "आपल्याला काय झालंय हे पेशंटला कळायला नको?"

ती चुकीचं बोलत नव्हती. दीपंकरने फोन ठेवला.

दिवेलागणीला कोंडाबाईचा फोन आला.

"दीपंकरा, सकाळपासनं जीव थाऱ्यावर न्हाय बघ. विड्या मोजून द्यायच्या हुत्या म्हणून त्यास्नी एकटं लावून दिलं. कागदबिगद दिला न्हाईस न्हवं त्यांच्या हातात?"

"न्हाय मावशी."

"बरं केलंस बाबा." तिने सुस्कारा सोडला. "आरं, आज लई खुशीत आल्यात. येताना भजी आणली. माझ्या म्होरं बसून विड्यांची पानं कापून दिली. छातीतला कफ सुटाय लागलाय म्हणत्यात." ती हसली. पाच महिन्यांत दीपंकरने तिला हसताना ऐकलं नव्हतं. "गोळी बदललीस व्हय रं?"

गोळी तीच होती. दीपंकर "व्हय" म्हणाला.

"लागू पडली बघ. आता हीच देत जा."